लघुग्रहाच्या धडकेचा आकडा आधी वाढतो आणि मग शून्यावर का येतो?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "२०२५ च्या सुरुवातीला सांगितलं, की २०३२ मध्ये एक लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एक टक्का आहे. मग दोन टक्के झाली, मग तीन. आणि नंतर आठवडाभरात सांगितलं, की धोका उरलेला नाही. आधीचं चूक होतं की नंतरचं? आमच्यापासून काही लपवलं जातं का? उद्या खरंच एखादा लघुग्रह आला, तर माणसाच्या हातात काही आहे का? आणि २०२९ मध्ये अपोफिस येतोय म्हणतात, त्याचं काय?"

आधी लपवण्याबद्दल बोलतो, कारण ती शंका मनात राहिली तर पुढचं काहीच पटणार नाही.

पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांची स्थानं मोजणं हे माझं गेल्या बावीस वर्षांचं काम आहे. ते कसं चालतं, ते सांगतो. आकाशाच्या एकाच तुकड्याची काही मिनिटांच्या अंतराने तीन-चार छायाचित्रं घ्यायची. एकापाठोपाठ एक पाहिली की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका सरकलेला दिसतो. भोवतालच्या ताऱ्यांच्या आधाराने त्या ठिपक्याचं स्थान मोजायचं, वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदवायची आणि मोजमाप अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे पाठवायचं. मोठ्या वेधशाळा पाठवतात, तसे हौशी निरीक्षकही पाठवतात. तिथून ती मोजमापं सगळ्यांसाठी खुली होतात. मग नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतला गट, युरोपियन अंतराळ संस्थेचा गट आणि इटलीत पिसा इथला गट, असे तिघे आपापला हिशेब स्वतंत्रपणे करतात आणि एकमेकांशी ताडून पाहतात. कक्षेचं गणित येणारा कुणीही विद्यार्थी तीच मोजमापं घेऊन घरी बसून हिशेब करू शकतो. एखाद्या देशाने गप्प बसायचं ठरवलं, तरी तोच ठिपका दुसऱ्या गोलार्धातल्या दुर्बिणीतून दिसत राहतो. ही माहिती दाबून ठेवता येईल अशी जागाच या व्यवस्थेत नाही.

उलट मला वाटतं, आम्ही फार लवकर आणि फार उघडपणे बोलतो. आकडा वर-खाली होताना लोकांना दिसला तो म्हणूनच.

त्या लघुग्रहाचं नाव २०२४ वायआर४. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास प्रकल्पाच्या दुर्बिणीला तो दिसला. तोपर्यंत पृथ्वीपासून सर्वांत जवळच्या बिंदूवरून तो पुढे जाऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे तो दूर जात होता आणि रोज थोडा थोडा मंद होत होता. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला जवळजवळ चार वर्षं लागतात. त्यातल्या काही आठवड्यांची वाट आम्ही पाहिली होती आणि तेवढ्यावरून आठ वर्षांनंतर, २२ डिसेंबर २०३२ रोजी, तो नेमका कुठे असेल ते सांगायचं होतं. जानेवारी संपता संपता शक्यता एक टक्क्याच्या वर गेली. आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याचा नियम असा आहे, की दहा मीटरहून मोठ्या वस्तूची शक्यता एक टक्का ओलांडली की अधिकृत सूचना द्यायची. २९ जानेवारीला ती दिली गेली. फेब्रुवारीच्या मध्यावर पौर्णिमेच्या चांदण्यामुळे काही दिवस निरीक्षणं जवळपास थांबली. ती पुन्हा सुरू झाल्यावर १८ फेब्रुवारीला आकडा ३.१ टक्क्यांवर गेला. २४ फेब्रुवारीपर्यंत तो टक्क्याच्या हजारांशांत आला होता.

यात कुठलाच आकडा चुकीचा नव्हता. का, ते समजून घ्यायला एक लांब कागदी पट्टी डोळ्यांसमोर आणा. २०३२ च्या त्या दिवशी लघुग्रह या पट्टीवर कुठेतरी असेल, एवढंच सुरुवातीला आम्हाला म्हणता येत होतं. पृथ्वी म्हणजे त्या पट्टीवरची एक बारीक खूण. पट्टी पृथ्वीच्या शंभरपट लांब असेल, तर लघुग्रह नेमका खुणेवर येण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात एक. नवी निरीक्षणं मिळाली की पट्टी दोन्ही टोकांकडून कातरली जाते. ती तेहतीसपट उरली आणि खूण अजून पट्टीवरच असली, तर शक्यता शंभरात तीन. लघुग्रह आपली वाट तसूभरही बदललेला नसतो. आपलं अज्ञान तेवढं कमी झालेलं असतं. मग आणखी एकदा कात्री चालते आणि खूण ज्या तुकड्यावर होती, तोच तुकडा गळून पडतो. आकडा तीनवरून जवळजवळ शून्यावर येतो.

आता उलट बाजू पाहा. तो लघुग्रह खरोखरच आदळणार असता, तर? सुरुवातीचे आठवडे हुबेहूब असेच गेले असते. एक टक्का, दोन, तीन. फरक एवढाच, की पुढे तो दहा, चाळीस, नव्वद असा चढत गेला असता. तीन टक्क्यांवर उभं राहून या दोन वाटांतली कोणती आपली आहे, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ती सूचना द्यायलाच हवी होती, असं माझं ठाम मत आहे. शेवटी धोका निघाला नाही म्हणून इशारा खोटा ठरत नाही.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २००४ च्या डिसेंबरात अपोफिसची २०२९ मध्ये धडकण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. धोका मोजण्याची शून्य ते दहा अशी टोरिनो मोजपट्टी आहे, तीवर तो चौथ्या पायरीवर पोहोचला. आजवर कुठलाही लघुग्रह त्याहून वर गेलेला नाही. त्या दिवशी तारीख होती २७ डिसेंबर. आदल्याच दिवशी हिंदी महासागरात त्सुनामी आली होती आणि जगाचं सगळं लक्ष तिकडे होतं. त्याच सुमारास मार्च २००४ च्या जुन्या छायाचित्रांत कुणाच्या लक्षात न आलेला अपोफिसचा अंधूक ठिपका सापडला, कक्षेचा माहीत असलेला भाग एकदम लांबला आणि २०२९ ची धडक बाद झाली. आमच्या कामात जुन्या छायाचित्रांना सोन्याचं मोल येतं ते असं. आज एखादा लघुग्रह सापडला की पहिलं काम म्हणजे तो पूर्वी कुणाच्या छायाचित्रात नकळत आला होता का, हे शोधणं.

आता खरा धोका किती, याकडे येतो. इथे आकार सांगितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. व्यास दुप्पट झाला की वस्तुमान आठपट होतं, आणि वेग तर सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर. त्यामुळे वीस मीटरचा दगड आणि साठ मीटरचा दगड यांच्यात ऊर्जेचा फरक तीनपट नसतो, सुमारे सत्तावीसपट असतो.

वीस मीटर म्हणजे काय, ते आपण पाहिलं आहे. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियात चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशात तेवढ्या आकाराचा लघुग्रह सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर वेगाने शिरला आणि जमिनीपासून साधारण तीस किलोमीटर उंचीवर फुटला. ऊर्जा हिरोशिमावरच्या बाँबच्या जवळजवळ तीसपट. तरी एकही माणूस मेला नाही, कारण स्फोट इतक्या उंचावर झाला. पण सुमारे १,५०० लोक जखमी झाले आणि त्यांतल्या बहुतेकांना लागली ती खिडक्यांची काच. लख्ख उजेड पडला, लोक काय झालं ते पाहायला खिडकीशी गेले आणि दोनेक मिनिटांनी दाबाची लाट येऊन पोहोचली. उजेड क्षणात पोहोचतो, लाट आवाजाच्या गतीने येते. मधली ती मिनिटं माणसांना घात करून गेली. तिथल्या एका शिक्षिकेने वर्गातल्या चव्वेचाळीस मुलांना लगेच बाकाखाली जायला सांगितलं. मुलं सुखरूप राहिली, त्या स्वतः मात्र उभ्या राहिल्या आणि काचेने त्यांचा हात कापला गेला. लघुग्रहांबद्दल व्यवहारात उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगतो: आकाशात सूर्यासारखा लख्ख झोत दिसला तर खिडकीकडे जाऊ नका, खिडकीपासून लांब व्हा आणि काही मिनिटं खाली वाकून राहा.

चेल्याबिन्स्कचा लघुग्रह आधी कुणालाच दिसला नव्हता. तो सूर्याच्या दिशेने आला होता. त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह, २०१२ डीए१४, पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार हे वर्षभर आधी माहीत होतं आणि आम्ही सगळे त्याची वाट पाहत होतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. ज्याच्याकडे डोळे लावून बसलो होतो तो ठरल्याप्रमाणे निघून गेला, आणि ज्याचा पत्ता नव्हता तो आला. इतकी वर्षं झाली, तरी तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

पन्नास-साठ मीटरचं उदाहरण म्हणजे तुंगुस्का. ३० जून १९०८ रोजी सायबेरियात झालेल्या त्या हवाई स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं केलं. रशियन संशोधक लिओनिद कुलिक १९२७ मध्ये तिथे पोहोचले, तेव्हा त्यांना विवर सापडेल असं वाटत होतं. विवर नव्हतंच. मध्यभागी फांद्या झडलेली झाडं उभी होती आणि भोवतीची झाडं केंद्राकडे पाठ करून पडलेली होती. स्फोटाची लाट वरून आली, की अगदी खालची झाडं उभी राहतात, कारण लाट त्यांच्यावर सरळ उतरते. तिथे वस्ती अगदी विरळ होती, म्हणून हानी जंगलाची झाली. असा प्रसंग सरासरी हजारएक वर्षांतून एकदा येतो असा अंदाज आहे. वायआर४ साधारण याच मापाचा आहे. दगडाऐवजी लोखंडाचा तेवढाच लघुग्रह असेल तर तो हवेत फुटत नाही, जमिनीपर्यंत येतो. अ‍ॅरिझोनातलं १.२ किलोमीटर व्यासाचं विवर सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी अशाच एका लोखंडी तुकड्याने खोदलं.

त्याच्या वरचे आकडे थोडक्यात. १४० मीटरचा लघुग्रह, जो एखादा मोठा प्रदेश उद्ध्वस्त करू शकतो, सरासरी वीसेक हजार वर्षांतून एकदा. एक किलोमीटरचा, ज्याच्या धुळीने जगभरची पिकं धोक्यात येतील, पाच-सहा लाख वर्षांतून एकदा. दहा किलोमीटरचा, जसा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला पडला आणि डायनासोरांचा काळ संपवून गेला, तो दहाएक कोटी वर्षांतून. ही सरासरी आहे, वेळापत्रक नाही. "अमुक वर्षं झाली, आता येणारच" असं यातून निघत नाही आणि "कालच येऊन गेला, आता हजार वर्षं निवांत" असंही निघत नाही.

या आकड्यांशेजारी दुसरे आकडे ठेवले की मला जे कळकळीने सांगायचंय ते दिसेल. एक किलोमीटरहून मोठे जे पृथ्वीजवळचे लघुग्रह आहेत, त्यांतले ९५ टक्क्यांहून जास्त सापडलेले आहेत आणि येत्या शंभर वर्षांत त्यांतला एकही आपल्यावर येत नाही. म्हणजे सगळ्या जगाला संपवणाऱ्या धडकेची भीती बाळगून रात्री जागायचं कारण नाही. हे आपोआप झालेलं नाही. १९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे एकामागून एक गुरूवर आदळले. त्यांनी पाडलेले काळे डाग जगभरच्या दुर्बिणींतून दिसले, तेव्हा कुठे ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी हे सरकारांना पटलं. १९९८ मध्ये अमेरिकी संसदेने नासाला काम दिलं, की एक किलोमीटरहून मोठ्यांपैकी नव्वद टक्के दहा वर्षांत शोधा. थोडा उशीर झाला, पण ते झालं.

२००५ मध्ये दुसरं काम दिलं गेलं: १४० मीटरहून मोठ्यांपैकी नव्वद टक्के २०२० पर्यंत शोधा. ते झालेलं नाही. असे सुमारे पंचवीस हजार असावेत असा अंदाज आहे आणि त्यांतले निम्मेही अजून हाती लागलेले नाहीत. पन्नास मीटरच्या पातळीवर उतरलं तर शंभरातले दहासुद्धा सापडलेले नाहीत. २०२५ च्या अखेरीस पृथ्वीजवळच्या ज्ञात लघुग्रहांची संख्या चाळीस हजारांवर गेली. हा आकडा मोठा वाटतो खरा, पण बातम्यांत ज्यांची नावं येतात ते हे ओळखीचे आहेत, कक्षा मोजून झालेले. धोका मुख्यतः नाव नसलेल्यांचा आहे.

ते सापडत का नाहीत? एक कारण म्हणजे ते काळे असतात. कित्येकांचा पृष्ठभाग कोळशासारखा असतो, प्रकाश फार थोडा परत फेकतो. दुर्बिणीत दिसते ती चमक. लहान पण उजळ दगड आणि मोठा पण काळा दगड सारखेच चमकतात, म्हणून वायआर४ चा आकार आधी ४० ते ९० मीटर असा मोघम सांगावा लागला. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने त्याची उष्णता मोजली, तेव्हा तो साठेक मीटरचा निघाला. दुसरं कारण सूर्य. जमिनीवरच्या दुर्बिणींना दिवसा काम करता येत नाही, आणि सूर्याच्या दिशेने येणारे लघुग्रह दिवसाच्याच आकाशात असतात. तिसरं कारण ऐकलं की लोकांना नवल वाटतं: सरळ आपल्याकडे येणारी वस्तू आकाशात फार हळू सरकते. दूरवरून समोरासमोर येणाऱ्या गाडीचा दिवा बराच वेळ एकाच जागी दिसतो ना, तसंच. आमच्या पद्धती हालचाल शोधतात आणि सर्वांत महत्त्वाची वस्तूच कमी हलते. २५ जुलै २०१९ रोजी २०१९ ओके नावाचा लघुग्रह, वायआर४ एवढा किंवा त्याहून मोठा, पृथ्वीपासून सत्तर-बहात्तर हजार किलोमीटरवरून गेला. ब्राझीलमधल्या निरीक्षकांना तो आदल्या दिवशी सापडला. त्याआधीच्या काही छायाचित्रांत तो होता, पण मंद आणि जवळजवळ स्थिर असल्याने नजरेतून सुटला होता.

यावर उपाय माहीत आहेत आणि त्यांवर काम चालू आहे. उष्णतेने लघुग्रह ओळखणारी निओ सर्व्हेयर ही अवरक्त दुर्बीण पृथ्वी आणि सूर्य यांच्यामध्ये, पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर ठेवायची योजना आहे. काळा दगड प्रकाश परत देत नाही, पण तापतो जास्त, त्यामुळे अवरक्तात तो लपू शकत नाही. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये पहिल्या चाचणीतच, दहाएक तासांच्या निरीक्षणांत, दोन हजारांहून जास्त नवे लघुग्रह टिपले. त्यांतले सात पृथ्वीजवळचे होते. माझ्या उमेदीच्या काळात एका रात्रीत एक नवा ठिपका मिळाला तरी आम्हाला सण वाटायचा.

आता "माणसाच्या हातात काही आहे का" या प्रश्नाकडे. हो, आहे. पण ते जवळजवळ पूर्णपणे किती आधी कळतं यावर अवलंबून आहे.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे तीस किलोमीटर वेगाने फिरते. स्वतःच्या व्यासाएवढं अंतर ती साधारण सात मिनिटांत कापते. म्हणजे लघुग्रह ठरलेल्या जागी सात मिनिटं उशिरा पोहोचला, तरी पृथ्वी तिथून निघून गेलेली असते. त्याला फोडायची गरज नाही, थोपवायचीही नाही. थोडा उशीर करायचा किंवा थोडी घाई. धडकेच्या दहा वर्षं आधी त्याचा वेग सेकंदाला फक्त एक सेंटीमीटरने बदलला, तर साध्या गुणाकाराने दहा वर्षांत तीन हजार किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय वेग बदलला की फेरीचा काळही बदलतो आणि प्रत्येक फेरीत तो फरक साचत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात जवळपास तिप्पट होतो. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटरच्या आतच आहे. मुंगीच्या चालीएवढ्या वेगबदलाने एवढं काम होतं. हेच एक वर्ष आधी करायचं तर धक्का दहापटीहून मोठा लागेल, आणि एक महिना आधी तर विचारच सोडावा.

असा धक्का देता येतो हे कागदावरचं राहिलेलं नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने डायमॉर्फोसवर मुद्दाम आदळवलं. डायमॉर्फोस हा सुमारे १६० मीटरचा लहानसा चंद्र, डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणारा. पृथ्वीला दोघांपासूनही धोका नव्हता, म्हणूनच प्रयोगासाठी ते निवडले होते. धडकेआधी त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची असं ठरलं होतं. फरक पडला ३२ मिनिटांहून जास्त. कारण यानाने नुसती टक्कर दिली नाही. त्या टकरीने उडालेला दगड-मातीचा फवारा मागे फेकला गेला आणि त्याच्या उलट्या जोराने डायमॉर्फोसला यानाच्या स्वतःच्या धक्क्याहून कितीतरी जास्त ढकललं. तरीही त्याच्या वेगात झालेला बदल होता सेकंदाला तीन मिलीमीटरच्या आत. पण वर सांगितलेला हिशेब आठवा: दोन-तीन दशकं हाताशी असतील तर तेवढाही कामाचा आहे. धडकेनंतर तिथे नेमकं काय झालं ते पाहायला युरोपचं हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे.

एका प्रयोगावर फार विसंबू नये, हेही सांगायला हवं. लघुग्रह एकसंध खडक असतीलच असं नाही. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने ऑक्टोबर २०२० मध्ये बेन्नू या लघुग्रहाला स्पर्श केला, तेव्हा पृष्ठभागाने जवळजवळ विरोधच केला नाही. लगेच मागे फिरलं नसतं, तर यान आत रुतत गेलं असतं. तो खडीचा ढीग आहे, क्षीण गुरुत्वाने एकत्र राहिलेला. अशा ढिगाला धक्का दिला तर तो कसा वागेल, हे प्रत्येक लघुग्रहागणिक वेगळं असू शकतं. म्हणून धक्का देण्याआधी तिथे एक पाहणी करणारं यान पाठवणं मी आवश्यक मानतो, आणि त्यालाही वर्षं लागतात. धक्क्याखेरीज दुसरेही मार्ग सुचवले गेले आहेत. शेजारी जड यान ठेवून त्याच्या गुरुत्वाने हळूहळू ओढत नेणं हा एक. त्याला दशकं लागतात. फार मोठा लघुग्रह आणि फार थोडा वेळ असेल, तर जवळ अण्वस्त्राचा स्फोट करून पृष्ठभागाची वाफ उडवणं हा दुसरा. यांतला कुठलाच अजून करून पाहिलेला नाही.

तंत्रज्ञानाहून अवघड भाग मला दुसराच वाटतो. वायआर४ आदळला असता तर कुठे, याचा एक पट्टा काढला होता. तो पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत जात होता. लघुग्रह ढकलताना धडकेची जागा या पट्ट्यावरूनच सरकते. प्रयत्न अर्धवट राहिला, तर एका देशावरचं संकट दुसऱ्या देशावर जाऊ शकतं. तो निर्णय कोण घेणार, जबाबदारी कुणाची, यावर संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली अंतराळ संस्थांचा एक सल्लागार गट चर्चा करतो. सल्ला देणं आणि निर्णय घेणं यांत मात्र मोठं अंतर आहे, आणि ते शांत काळातच मिटवायला हवं.

वेळ उरलेलाच नसेल तर? लहान लघुग्रहासाठी उत्तर साधं आहे: लोकांना हलवायचं. ऑक्टोबर २००८ मध्ये चारेक मीटरचा २००८ टीसी३ धडकेच्या सुमारे १९ तास आधी सापडला. तो सुदानच्या वाळवंटावर पडेल, ती जागा आणि वेळ हिशेबाने सांगितली गेली आणि तसंच झालं. नंतर विद्यार्थ्यांनी वाळवंटात रांगा करून शोध घेतला आणि त्याचे तुकडे गोळा केले. त्यानंतर असे आणखी दहाएक लघुग्रह पडण्याच्या काही तास आधी सापडले आहेत, सगळे लहान. तुंगुस्काएवढ्या लघुग्रहाची आठवडाभर आधी खबर मिळाली, तर शहर रिकामं करता येतं. वादळांसाठी ते केलं जातंच.

बातम्या वाचताना एवढं करा. "विमानाएवढा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार" असं दिसलं की अंतर शोधा आणि त्याला चंद्राच्या अंतराने, म्हणजे ३ लाख ८४ हजार किलोमीटरने भागा. बहुतेक वेळा उत्तर दहा-पंधरा येईल. "संभाव्य धोकादायक" हा शब्दही घाबरवतो, पण तो वर्गीकरणाचा शब्द आहे: साधारण १४० मीटरहून मोठा आणि त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते, एवढाच त्याचा अर्थ. तो येतोय असा नव्हे. अशा मथळ्यांची मला खरी चीड आहे, कारण खरा इशारा येईल तेव्हा लोकांचे कान बधिर झालेले असतील.

राहिला अपोफिस. सुमारे साडेतीनशे मीटरचा हा लघुग्रह शुक्रवारी, १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२,००० किलोमीटरवरून जाईल, म्हणजे दूरचित्रवाणीचे भूस्थिर उपग्रह असतात त्याच्याही आतून. २०२१ च्या मार्चमध्ये रडारने त्याचं अंतर इतक्या बारकाईने मोजलं, की पुढच्या किमान शंभर वर्षांसाठी त्याची धडक बाद झाली आहे. वर सांगितलेल्या पट्टीच्या भाषेत बोलायचं तर पट्टी आता इतकी आखूड आहे, की पृथ्वीची खूण तिच्या जवळपासही नाही. पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा मात्र रुंदावेल आणि वर्षाच्या आत होणारी त्याची फेरी वर्षाहून लांब होईल. कदाचित त्याच्या पृष्ठभागावर दरडीही कोसळतील. ते पाहायला यानं जाणार आहेत.

तेव्हा घाबरू नका, त्या रात्री बाहेर या. तो सर्वांत जवळ असताना युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियात रात्र असेल. तिथे आकाश स्वच्छ असेल तर तो नुसत्या डोळ्यांना मध्यम तेजाच्या ताऱ्यासारखा दिसेल. एखाद्या ठळक ताऱ्याजवळ तो आला की मिनिटभर नजर तिथेच ठेवा: तेवढ्या वेळात तो पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा पुढे सरकलेला असेल.